सर्व्हिसचा भार कोणी वाहावा?

मार्च २०१६ मध्ये मेलबर्न येथे झालेल्या डेव्हिस चषकाच्या लढतीत अमेरिकेच्या जॉन इस्नरने ताशी २५३ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली. २.०८ मीटर उंचीच्या या खेळाडूच्या पराक्रमाचे श्रेय कोणी त्याच्या लांब हाताला दिले, तर नवल नाही. सर्व्हिस म्हणजे हाताचे काम, ही समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः ती अर्धसत्य आहे. आणि उदयोन्मुख खेळाडूंच्या दृष्टीने धोक्याचीही आहे.

उंचीचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. बेसलाइनपासून पलीकडच्या सर्व्हिस रेषेपर्यंतचे अंतर सुमारे १८.२९ मीटर, तर जाळीची मध्यावरील उंची ०.९१४ मीटर. जाळीला वरून स्पर्शून त्या रेषेवर उतरणारी सरळ रेघ ओढली, तर तिचा आरंभ जमिनीपासून सुमारे २.६ मीटर उंचीवर येतो. त्याहून खाली फटका बसला, तर चेंडू आत पाडण्यासाठी गुरुत्वाकर्षणाची आणि फिरकीची मदत घ्यावी लागते. उंच खेळाडूला ही अडचण कमी भासते. परंतु उंचीने नेम सोपा होतो. वेगाचा उगम अन्यत्र आहे.

तो आहे पायांत. खेळाडू गुडघे वाकवून जमिनीला रेटा देतो आणि जमीन तेवढाच रेटा त्याला परत करते. तो क्रमाने कंबरेला, धडाला आणि खांद्याला मिळतो. मग कोपर सरळ होते, दंड आतल्या बाजूस फिरतो आणि अखेरीस मनगट व रॅकेट झेपावते. आसुडाची मूठ थोडीच हलते, टोक मात्र कडाडते. तसाच हा प्रकार. यात शक्तीइतकेच महत्त्व क्रमाला आहे. चेंडू फार मागे उडविला गेला, तरी ही साखळी विस्कळीत होते.

अमेरिकन अस्थिशल्यविशारद बेन किबलर यांनी १९९५ मध्ये या शक्तीचा जमाखर्च मांडला. सर्व्हिसमधील निम्म्याहून किंचित अधिक ऊर्जा पाय, कंबर व धड यांतून येते. खांद्याचा वाटा अवघा १३ टक्के. कंबर व धडाकडून मिळणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर हाताशी तेच बल राखण्यासाठी खांद्याच्या फिरण्याचा वेग ३४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे पायांनी केलेली कुचराई खांद्याला व्याजासह फेडावी लागते.

खांद्याच्या दुखापतीची किंमत केवढी असते, हे मारिया शारापोव्हाच्या उदाहरणावरून दिसते. २००८ मध्ये तिच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. परतल्यानंतर २००९ च्या अमेरिकन स्पर्धेत तिसऱ्या फेरीच्या एकाच सामन्यात तिच्याकडून २१ डबल फॉल्ट झाले आणि ती पराभूत झाली. २०१२ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली, हा तिच्या जिद्दीचा भाग. तिच्या दुखापतीचा दोष केवळ तंत्राला देणे योग्य नव्हे. पण जगातील उत्तम उपचार उपलब्ध असलेल्या खेळाडूची ही कथा, तर सामान्य घरातील मुलाने काय करावे?

म्हणूनच प्रशिक्षकांनी मुलांच्या हाती चेंडूंची टोपली देऊन ‘जोरात मार’ म्हणण्यापूर्वी त्यांचे गुडघे वाकतात का, धड वळते का, हे पाहिले पाहिजे. पाय व धड बळकट करणारा व्यायाम आणि सर्व्हिसच्या सरावाला मर्यादा, या दोन्ही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. बिनतोड सर्व्हिसला टाळ्या पडतात. तिच्यासाठी एखाद्या कोवळ्या खांद्याला काय मोजावे लागले, याची चौकशी पालकांनी आणि शिक्षकांनी वेळीच करावयास हवी.