आबांची डायरी, श्यामलेचा चहा

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका तुम्हाला आवडली का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एका शब्दात येत नाही.

आवडली, हे तर खरंच. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून ती जन्मली, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली आणि २००१ ते २००५ या काळात ती तेव्हाच्या अल्फा मराठीवर चालली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. पाच माणसं, तीन पिढ्या. हिंदी वाहिन्यांवर भरजरी साड्यांतली कारस्थानं रंगत होती, त्या दिवसांत इथे रुसवेफुगवे, पाहुणे आणि महिनाअखेर एवढ्यावर अर्धा तास सुखाने जायचा. एके काळी दूरदर्शनवर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर पन्नाशीच्या उत्तरार्धात इतके अस्सल आजोबा झाले, की ते म्हातारे नाहीत हे सांगूनही पटत नसे.

मग खटकतं काय? पहिली श्यामला. शुभांगी गोखले यांनी तिची धांदल अशी रंगवली, की आपण खळखळून हसतो. पण घर चालतं ते तिच्या पायांवर. आबांना डायरी आहे; श्यामलेने डायरी लिहिली असती, तर तीही इतकीच विनोदी झाली असती का?

दुसरी गोष्ट अधिक बोचते. बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी पेन्शनर मंडळी मी पाहिली. काम पाच मिनिटांचं; पण सही झाल्यावरही ती खुर्ची सोडत नसत. मुलगा अमेरिकेत, मुलगी ऑस्ट्रेलियात, घरी दोन खोल्या आणि टीव्ही. पुण्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथे हे भाग आजही मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिले जातात. ही करमणूक म्हणायची, की उसनं घर?

आबांचा हट्ट, विसराळूपणा, नातवंडांच्या भानगडीत नाक खुपसणं, हे सारं गमतीचं ठरतं, कारण त्यांच्यावर वैतागायला घरात चार माणसं आहेत. वैतागणारंच कुणी नसेल, तर तोच हट्ट केविलवाणा होतो.

म्हणून ही मालिका जरूर पाहावी. फक्त, जमलं तर शेजारच्या आजोबांना बोलावून, त्यांच्यासोबत पाहावी. आणि त्या दिवशी चहा श्यामलेने करू नये.