पावसाने दाखवलेलं चित्र

1892 साली इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, वेनहॅस्टन गावच्या चर्चची दुरुस्ती चालली होती. आतल्या कमानीत बसवलेल्या जुन्या, चुन्याने पांढऱ्या केलेल्या फळ्या कामगारांनी काढल्या आणि आवारात टाकून दिल्या. रात्री पाऊस आला. चुना धुऊन गेला आणि खालून ‘डूम’, म्हणजे अंतिम न्यायाचं चित्र वर आलं. इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, तराजूत आत्मे तोलणारा मिखाएल, नरकाचा उघडा जबडा. संत पेत्रापुढे राजा आणि बिशप दोघेही उघडेच उभे आहेत. मुकुट नि टोपी तेवढी डोक्यावर राहिली आहे.

हे चित्र कमानीतच का होतं, ते कळलं की मध्ययुगीन गावचर्चची सगळी रचना उलगडते. इमारत एक असली तरी तिचे मालक दोन. पूर्वेकडचा वेदीचा भाग, चान्सेल, पाद्र्याचा. त्याची डागडुजी त्याने करायची. पश्चिमेकडचं लांब दालन, नेव्ह, गावकऱ्यांचं. त्याचा खर्च गावाच्या माथी. म्हणूनच लोकरीच्या व्यापारात पैसा आलेल्या गावांत नेव्ह भव्य आणि चान्सेल बेताचं, असं दृश्य पुष्कळदा दिसतं.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ असे, कारण बाप्तिस्मा म्हणजेच प्रवेश. 1236 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा आदेश दिला. ते पवित्र पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरतील, ही भीती होती. पुढे या झाकणांचीच कलाकृती झाली. सफोकमधल्याच अफर्ड गावचं लाकडी झाकण जवळजवळ 18 फूट उंच आहे. बसायला बाकं मात्र बहुतेक ठिकाणी पंधराव्या शतकात आली. त्याआधी लोक उभे राहत, गुडघे टेकत.

आणि चान्सेल व नेव्ह या दोन जगांच्या मधे, त्या कमानीपाशी, लाकडी जाळीचा पडदा. त्याच्या वर, चित्राच्या फळ्यांपुढे, मोठा क्रूस, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. पलीकडे पाद्री लॅटिनमध्ये मिस्सा म्हणे. बहुतेकांना पवित्र भाकर वर्षातून एकदा, ईस्टरला मिळे. एरवी पाद्री ती उंच धरी, त्या क्षणी जाळीतून होणारं दर्शन हीच त्यांची मिस्सा. काही चर्चांमध्ये कडेला उभ्या असलेल्यांना वेदी दिसावी म्हणून भिंतीतून तिरकी भोकं पाडलेली आहेत. ‘लोकांना पाद्र्यापासून तोडणारा पडदा’ हे त्याचं रूढ वर्णन मला म्हणूनच अपुरं वाटतं. जाळी ही पाहण्यासाठीच असते.

धर्मसुधारणेत हे सगळं हललं. सहाव्या एडवर्डच्या काळात, 1548 पर्यंत मूर्ती उतरवण्याचे हुकूम निघाले, भिंतींना चुना लागला. 1561 मध्ये एलिझाबेथ राणीच्या आदेशाने पडद्यांवरचे सज्जेही पाडायला लावले. पडदे मात्र ठेवायचे होते.

वेनहॅस्टनच्या फळ्या आज त्याच चर्चमध्ये आहेत. रंगीत गर्दीच्या मधोमध तीन जागा कोऱ्या आहेत, नुसतं लाकूड. चित्रकाराने तिथे रंग लावलाच नव्हता. मधली जागा क्रूसाच्या आकाराची, दोन्ही बाजूंना दोन उभ्या माणसांची. मूर्ती गेल्या, पण त्या नेमक्या कुठे होत्या आणि केवढ्या होत्या, हे त्या कोऱ्या फळ्यांवर अजून मोजता येतं.