हंबनटोटा: सावकाराने लिहून घेतलेलं बंदर?

‘कर्ज फिटलं नाही, म्हणून चीनने श्रीलंकेचं बंदर बळकावलं.’ परदेशी कर्जाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. सावकाराने शेत लिहून घेतल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला ते चटकन पटतंही. घडलं ते वेगळं, आणि माझ्या मते अधिक वाईट. 2017 साली श्रीलंकेने हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ‘चायना मर्चंट्स पोर्ट’ या कंपनीला दिलं. त्यापोटी आलेले 112 कोटी डॉलर गेले परकीय गंगाजळीत. बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. म्हणजे शेत खंडाने गेलं आणि सातबाऱ्यावरचा बोजाही हलला नाही.

हे बंदर चीनने गळ्यात मारलं, असंही म्हणतात. पण तिथे बंदर व्हावं ही हौस श्रीलंकेचीच. त्यासाठीचे सुरुवातीचे अभ्यास कॅनडा आणि डेन्मार्कच्या कंपन्यांनी केले होते. 2005 मध्ये अध्यक्ष झालेले महिंदा राजपक्षे हंबनटोटा जिल्ह्यातले. चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्याला 30.7 कोटी डॉलर दिले, व्याज 6.3 टक्के. 2010 मध्ये उद्घाटन झालं ते राजपक्षेंच्या पासष्टाव्या वाढदिवशी. (यातलं मर्म मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको.) 2012 मध्ये वर्षभरात तिथे जहाजं लागली 34.

मग चिनी पैसा म्हणजे बुडीत खातंच का? तसंही नाही. कोलंबो बंदरातलं कंटेनर टर्मिनल ‘चायना मर्चंट्स’ याच चिनी समूहाने उभारलं, आणि ते उत्तम चालतं. तिथे 85 टक्के भागीदारी कंपनीची, करार 35 वर्षांचा. जहाजं आली नसती तर मोठी झळ कंपनीलाच बसली असती. हंबनटोटात मात्र सगळी जोखीम सरकारने घेतली.

एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली, तेव्हा त्या कर्जातला सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. चीनचा नंबर त्यानंतरचा.

राहिला, व्याज कमी म्हणजे कर्ज स्वस्त, हा भ्रम. त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला 200 लंकन रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर मेमध्ये 350च्या पुढे गेला. व्याजदर तेच, हप्ता मात्र रुपयांत दीडपटीहून जड. आपल्याकडेही हे लक्षात ठेवायला हवं: मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानच्या कर्जाचं व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही. पण परतफेड येनमध्ये, म्हणजे रुपया घसरला तर हप्ता आपल्यालाही जड.