शोधनिबंध कोणाचा? नावांचा क्रम आणि गुणांचा हिशेब

शोधनिबंधाच्या माथ्यावर छापलेले नाव वाचकाला दोन गोष्टी सांगते: हे ज्ञान कोणाच्या श्रमातून उभे राहिले आणि त्यात चूक निघाली तर उत्तर कोणाकडे मागायचे. पहिली गोष्ट श्रेयाची, दुसरी उत्तरदायित्वाची; आणि संशोधनातील लेखकत्वाविषयी गेल्या अर्धशतकात जे वाद झाले, त्यांतले बरेचसे या दोहोंची फारकत झाल्यामुळे झाले आहेत. श्रेय मोजता येते, निदान मोजल्यासारखे करता येते, म्हणून विद्यापीठे, निवड समित्या आणि नियामक संस्था त्याची कोष्टके मांडतात. उत्तरदायित्वाचे कोष्टक मात्र कोणी मांडत नाही. यवतमाळ जिल्ह्यापुरते पाहिले तरी हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत समोर येतो, कारण येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, आणि ही दोन्ही नव्हती तेव्हापासूनची, पोथ्यांवर पोसलेली संशोधनाची एक परंपराही आहे.

त्या परंपरेचे ठळक नाव म्हणजे यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांनी उभारलेली ‘शारदाश्रम’ ही संस्था. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या ग्रंथाने, महानुभाव पंथाच्या मठांतील बासनांत आणि सांकेतिक लिपींत शतकानुशतके बंद राहिलेल्या साहित्याची पद्धतशीर ओळख अभ्यासकांना करून दिली. ग्रंथावर नाव एकट्या देशपांडे यांचे आहे आणि ते योग्यच आहे, कारण निवड, मांडणी आणि निष्कर्ष त्यांचे होते. तथापि अशा ग्रंथामागे पोथ्या जपणारे महंत असतात, सकळ या सांकेतिक लिपीची उकल करून ती अभ्यासकांपर्यंत पोहोचवणारे असतात, नकलून काढणारे हात असतात. त्यांच्यावाचून ग्रंथ झाला नसता, पण ग्रंथ त्यांचा आहे असेही म्हणता येत नाही. त्या काळच्या प्रथेनुसार अशांची जागा प्रस्तावनेतील ऋणनिर्देशात होती. ऋणनिर्देश आणि लेखकत्व यांच्यामधली ही रेषा नेमकी कोठे ओढायची, हाच आजच्या सगळ्या नियमावल्यांचा विषय आहे.

देशपांडे ज्या वाङ्मयाचा शोध घेत होते त्या वाङ्मयातच या प्रश्नाचे एक जुने आणि विलक्षण काटेकोर उत्तर सापडते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या आठवणी शिष्य म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गोळा केल्या, चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे पंथीय परंपरा सांगते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एकाच प्रसंगाची स्मरणे जेथे जुळली नाहीत तेथे ती जुळवून एकसंध करण्याऐवजी ‘वासना’ म्हणून, म्हणजे पाठभेद म्हणून, शेजारी नोंदवण्याची आणि काही ठिकाणी तो पाठ कोणाचा हेही सांगण्याची पद्धत या पोथ्यांत आढळते. याच पंथातील केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त तर विभागणी रचनेतच आहे: सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचा, आणि त्या दोहोंचा संबंध उलगडणारा दार्ष्टान्तिक केसोबासांचा. ११४ दृष्टान्तांच्या या ग्रंथात कोणते वाक्य कोणाच्या जबाबदारीवर उभे आहे हे वाचकाला शोधत बसावे लागत नाही. यामागे श्रद्धेची निकड होती, गुरुवचनात आपला शब्द मिसळू नये ही दक्षता होती, संशोधनशास्त्र नव्हते. तरीही योगदानाची नोंद मजकुराच्या आत करण्याची ही रीत, मजकुरावर केवळ एक नामावली टांगणाऱ्या आधुनिक पद्धतीपेक्षा अधिक माहिती देते हे मान्य करावे लागते.

आधुनिक विज्ञानात नामावली लांबत गेली ती कामच सामूहिक झाल्यामुळे. या वाढीची टोकाची पायरी २०१५ मध्ये दिसली, जेव्हा हिग्ज बोसॉन या कणाचे वस्तुमान सांगणारा, युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या दोन प्रयोगगटांचा संयुक्त निबंध ५,१५४ लेखकांच्या नावांनिशी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीने व्यापली होती. इतक्या जणांनी मिळून एक वाक्यही लिहिणे अशक्य आहे, हे उघडच आहे.

न लिहिणाऱ्यालाही लेखक म्हणण्याची ही मोकळीक वैद्यकशास्त्राला परवडणारी नव्हती, कारण तेथे निष्कर्ष चुकला तर रुग्णाच्या जिवाशी गाठ असते. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या गटातून जी आंतरराष्ट्रीय समिती पुढे आकाराला आली, तिने लेखकत्वाच्या अटी ठरवल्या आणि २०१३ मध्ये त्यांत चौथी अट घातली. आज त्या अटी अशा आहेत: संशोधनाची कल्पना, आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचे विश्लेषण यांपैकी कशात तरी भरीव वाटा असावा, मसुदा लिहिण्यात किंवा तो चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग असावा, अंतिम मसुद्याला संमती असावी, आणि कामाच्या कोणत्याही भागाविषयी शंका निघाल्यास तिची तड लावण्याची जबाबदारी मान्य असावी. चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणजे केवळ निधी मिळवणारा, केवळ विभागप्रमुख असणारा किंवा केवळ माहिती गोळा करणारा हा लेखक ठरत नाही; त्याचे आभार मानायचे असतात.

या अटींचा व्यवहारातला परिणाम समजण्यासाठी २०१७ च्या खरीप हंगामाचे उदाहरण घेता येईल. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि शेतमजूर यवतमाळ जिल्ह्यात रुग्णालयांत दाखल झाले, काहींचा मृत्यू झाला आणि हा जिल्हा कीटकनाशकांविषयीच्या अभ्यासात वारंवार उल्लेखिला जाऊ लागला. अशा विषयावरचा कोणताही अभ्यास डोळ्यांसमोर आणला, तर रात्रपाळीत रुग्णाची हकिकत टिपून घेणारा निवासी डॉक्टर, नमुने तपासणारा तंत्रज्ञ, आकडेमोड करणारा संख्याशास्त्रज्ञ, गावात घरोघरी फिरून कोणते औषध कोणत्या पंपाने मारले हे विचारणारी आशा सेविका आणि शेवटी या सगळ्याचा अर्थ लावणारा अध्यापक अशी साखळी दिसते. निकषांच्या भाषेत आशा सेविका ऋणनिर्देशात जाते, अध्यापक लेखक ठरतो, आणि निवासी डॉक्टर सीमेवर उभा राहतो, कारण पहिली अट त्याने पूर्ण केलेली असते पण मसुदा त्याला दाखवला गेला नाही तर उरलेल्या तीन अटी तो पूर्ण करूच शकत नाही. याच पळवाटेची जाणीव ठेवून समितीने स्पष्ट म्हटले आहे, की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या अटी पूर्ण करण्याची संधी दिली पाहिजे आणि या निकषांचा वापर कोणाला वगळण्याचे साधन म्हणून होऊ नये. नियमातील हे वाक्य फार कमी उद्धृत होते. वगळण्याला आधार देणारी वाक्ये मात्र सगळ्यांना पाठ असतात.

या निकषांना बगल दिली की दोन रोग जडतात. काम न करता मान, मैत्री किंवा दबावापोटी मिळालेले लेखकत्व हे ‘भेट लेखकत्व’, ज्याचे ‘गाइडचे नाव टाकावेच लागते’ हे रूप विद्यार्थ्यांच्या बोलण्यात सहज येते. आणि काम करूनही नाव गाळले जाणे हे ‘अदृश्य लेखकत्व’, ज्याचा गंभीर प्रकार म्हणजे औषध कंपनीने पगारी लेखकाकडून निबंध लिहून घ्यायचा आणि त्यावर नामवंत डॉक्टरचे नाव लावायचे. पहिल्यात श्रेय आहे पण उत्तरदायित्व पेलण्याची कुवत नाही, दुसऱ्यात जो उत्तर देऊ शकेल तोच पडद्याआड आहे.

नावे ठरली तरी क्रम उरतोच. गणितात आणि बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात नावे वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे तेथे पहिल्या नावाला काही अर्थ नसतो; प्रयोगशाळेतल्या विज्ञानांत पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते; आणि जो संपादकांशी पत्रव्यवहार करतो, पुढे शंकांना उत्तरे देतो, तो ‘पत्रव्यवहारी लेखक’ म्हणून तारांकित केला जातो. या शाखानिहाय संकेतांकडे दुर्लक्ष करून नियामक जेव्हा क्रमावर पदोन्नती टांगतो, तेव्हा क्रम हे योगदानाचे चिन्ह न राहता वाटाघाटीची वस्तू बनते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी पहिल्या आणि दुसऱ्या लेखकाचाच निबंध धरायचे ठरवले, २०१७ मध्ये पहिला किंवा पत्रव्यवहारी लेखक अशी दुरुस्ती झाली, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने पहिल्या तिघांना किंवा पत्रव्यवहारी लेखकाला मान्यता दिली. एखाद्या निबंधातील तिसऱ्या लेखकाचे काम या पाच वर्षांत तसूभरही बदललेले नसताना, त्याचे लेखकत्व आधी निरुपयोगी आणि नंतर उपयोगी ठरले.

कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांतील हिशेब विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी चालतो आणि तो पेन्सिल घेऊन तपासण्याजोगा आहे. २०१० च्या विनियमांत निबंधाच्या एकूण गुणांपैकी ६० टक्के पहिला लेखक आणि पत्रव्यवहारी लेखक किंवा मार्गदर्शक यांनी समसमान वाटून घ्यायचे आणि उरलेले ४० टक्के इतर सर्वांत सारखे वाटायचे, अशी तरतूद होती. बेरीज शंभरच राहत असल्याने नवे नाव घातले की कोणाचा तरी वाटा घटत असे. २०१८ च्या विनियमांनी हे बदलले: लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनांहून अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहारी लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. विज्ञान शाखेतील निबंधाचे मूळ गुण ८ धरले, तर एकट्याने लिहिल्यास ८, दोघांनी लिहिल्यास दोघांचे मिळून ११.२, पाच जणांनी लिहिल्यास १५.२ आणि दहा जणांनी लिहिल्यास २७.२ गुण त्याच एका निबंधातून निर्माण होतात. तीन लेखकांनंतर नवे नाव घातल्याने आधीच्या कोणाचेही काही कमी होत नाही आणि येणाऱ्याला २.४ गुण मिळतात. थेट निवडीने प्राध्यापक होण्यासाठी १२० गुणांची किमान अट असताना, ही रचना भेट लेखकत्वाला मनाई करत नाही इतकेच नव्हे, तर त्याची किंमतही शून्यावर आणते. दोष येथे अध्यापकांच्या नीतिमत्तेवर ढकलणे सोपे आहे, पण गणित त्यांनी मांडलेले नाही.

जागतिक मापनातही हाच पेच आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला ‘एच निर्देशांक’ असे सांगतो, की ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले आहेत त्याचा निर्देशांक दहा. या मोजणीत सहलेखक कितीही असोत, प्रत्येकाला पूर्ण श्रेय मिळते. त्यावर उपाय म्हणून श्रेयाचे लेखकसंख्येने भाग पाडणारी अपूर्णांकी मोजणी सुचवली गेली, पण तीही सर्वांचा वाटा समान होता असे गृहीत धरते. मराठी संशोधनाची अडचण याहून मूलभूत आहे. हे निर्देशांक ज्या संदर्भसूचींवरून काढले जातात त्या मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभ्या आहेत; मराठी ग्रंथांतील तळटिपा त्यांत जवळजवळ येतच नाहीत. महानुभाव साहित्यावर पुढे जे काम झाले त्याला देशपांडे यांच्या ग्रंथाचा मोठा आधार मिळाला, पण या यंत्रणेच्या लेखी त्याचे मोल नगण्य निघेल.

मोजणीआधी माणूस ओळखावा लागतो, आणि तेथे यवतमाळसारख्या जिल्ह्यात वेगळीच गंमत होते. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे ही आडनावे इतकी सर्वत्र आहेत, की ‘एस. राठोड’ या नावाने सूचीत शोध घेतला तर वेगवेगळ्या व्यक्तींचे निबंध एका खात्यात जमा होऊ शकतात. नावामधले वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षराने, कधी मुळीच छापले जात नाही. आणि लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या संशोधिकेचे काम दोन अनोळखी व्यक्तींत विभागले जाते, म्हणजे तिचा निर्देशांक काहीही न चुकता घटतो. २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही सोळा अंकी ओळखक्रमांकाची व्यवस्था यावर उतारा आहे. नाव बदलले, आडनाव बदलले, संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो.

क्रमांकाने माणसाची ओळख पटते, कामाची पटत नाही. त्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची योगदान-वर्गवारी तयार झाली आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेतील राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत १४ भूमिका आहेत: संकल्पना, कार्यपद्धती, तपास, माहितीची निगा, विश्लेषण, संगणकप्रणाली, देखरेख, निधी मिळवणे, पहिला मसुदा, संपादन इत्यादी, आणि प्रत्येक लेखकापुढे त्याने त्यांपैकी काय केले ते छापायचे असते. क्रमाच्या भांडणाचा जोर यामुळे काहीसा ओसरतो. पोथी उपलब्ध करून देणारा महंत या वर्गवारीत ‘साधनसामग्री’ या भूमिकेत बसवता येईल. जुनी लिपी वाचून देणाऱ्यासाठी मात्र स्वतंत्र भूमिका नाही, कारण यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती, मठ नव्हता. शिवाय ही वर्गवारी कोणी काय केले एवढेच सांगते. कोणाला लेखक म्हणायचे हा निर्णय ती करत नाही, तो आधीच्या चार अटींवरच सोडला आहे.

त्या अटींपैकी चौथीचा कस अगदी अलीकडे, अनपेक्षित ठिकाणी लागला. २०२३ च्या आरंभी काही निबंधांवर चॅटजीपीटी या संगणकप्रणालीचे नाव सहलेखक म्हणून छापले गेले, तेव्हा ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांनी आणि त्याच वर्षी वैद्यकीय संपादकांच्या समितीनेही ते अमान्य केले. यंत्राने मजकूर लिहिला नाही असे कारण कोणी दिले नाही, कारण ते खरे नव्हते. मजकूर चुकीचा निघाला तर त्याला जाब विचारता येत नाही, हे कारण पुरेसे मानले गेले.