पोटावरच्या रेघा आणि तेलाची बाटली

कामगार संघटनेच्या माणसाने बाळंतपणावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात झाले. हा विषय माझ्याकडे आला तो वर्गणी गोळा करताना.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या मुलीला आठवा महिना लागला होता. ती म्हणाली, "काका, वर्गणी पुढच्या महिन्यात दिली तर चालेल का? तेल घेतलंय." पोटावर रेघा उठू नयेत म्हणून घेतलेले ते तेल. बाटलीला तिची दोन दिवसांची मजुरी गेली होती. मी मुकाट्याने पावतीपुस्तक मिटले, पण ती बाटली डोक्यातून जाईना.

या रेघांना हल्ली सगळेच स्ट्रेच मार्क्स म्हणतात. निम्म्याहून अधिक गर्भवतींना त्या उठतात. मशीनचा पट्टा फार ताणला की वरचे रबर शाबूत दिसते, पण आतले दोरे तुटलेले असतात. कातडीचे तसेच आहे. वरचा थर पातळ असतो. त्याखालच्या जाड थरात बळकटी देणारे आणि लवचीकपणा देणारे तंतू असतात. पोट झपाट्याने वाढले, शिवाय गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे ते तंतू नरमले, की आत भेग पडते. तेल राहते वरच्या थरावर. तुटतात ते खालचे दोरे. कोणाला रेघा उठणार हे बरेचसे रक्तातूनच येते. आईला असतील तर मुलीला होण्याचा संभव अधिक. कमी वयात दिवस गेले, बाळ मोठे किंवा जुळे असले, वजन फार वाढले, तरी संभव वाढतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. चरकसंहितेत 'किक्किस' म्हणून हिचा उल्लेख आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस फुटतात म्हणून आईला दाह होतो, असे बायका म्हणत. ग्रंथात आत्रेय सांगतात की तसे नाही, गर्भाच्या दाबाने दोष वर चढतात, त्यातून खाज येते आणि खाजेतून किक्किस. दोषांची भाषा आज आपण वापरणार नाही, पण ऐकीव समजुतीला 'तसे नाही' म्हणण्याची ती रीत मला फार आवडली. नखांनी खाजवू नये, असेही तिथे सांगितले आहे.

आता तेलाचे पाहू. लेबनॉन आणि जमैकामध्ये गर्भवतींना कोको बटर लावून पाहिले. न लावणाऱ्यांपेक्षा, म्हणजे नुसते साधे मलम लावणाऱ्यांपेक्षा, रेघा कमी झाल्या नाहीत. २०१२ साली अशा ६ चाचण्या, मिळून ८०० स्त्रिया, एकत्र तपासल्या गेल्या. कोणत्याही लेपाने रेघा टळतात असा भरवशाचा पुरावा निघाला नाही. म्हणून तेल लावूच नये असे नाही. कोरडी कातडी खाजते, तेलाने ती मऊ राहते. पण ते काम घरातले खोबरेल करते. वजन डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढू द्यावे. रेघांच्या भीतीने पोटाला चिमटा काढणे मात्र बाळाच्या तोंडचा घास काढणे होय.

त्या मुलीची खाज तेलाने थांबेना. रात्री तळहात आणि तळपाय खाजत, पुरळ कुठेच नाही. रेघा पोटावर उठतात, तळव्यावर नाही, एवढे मला वाचून ठाऊक झाले होते. "पोरी, आजच्या आज दवाखान्यात जा," म्हटले. सुपरवायझर सुट्टी देईना. त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागले. रक्त तपासले तेव्हा पित्तक्षार वाढलेले निघाले. यकृतातून पित्त नीट वाहत नाही तेव्हा असे होते, आणि ते फार वाढले तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. डॉक्टरांनी देखरेख ठेवली, वेळेवर सुटका झाली. बाटली बहुधा अजून अर्धी शिल्लक असेल.

बाळंतपणानंतर लाल-जांभळ्या रेघा वर्षभरात फिकट, रुपेरी होतात. बहुतेक पूर्ण जात नाहीत. रेघा लाल असेपर्यंत ट्रेटिनॉइनचे मलम किंवा लेझर यांचा थोडा उपयोग होतो, खर्चही होतो. पण ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य आहे आणि अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दुसरे, शेजारणीने दिलेले गोरेपणाचे मलम. त्यात पुष्कळदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते, आणि त्याने कातडी पातळ होऊन अशाच रेघा उठतात! २०१८ साली सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली.

प्रसूतीची पगारी रजा २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपर्यंत. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्या मुलीला हे कोणी सांगितलेच नव्हते. आणि खरे सांगायचे तर वर्गणी मागताना मीही सांगितले नव्हते.