बहिरी संख्या आणि करणी

‘करणी’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. करणी म्हणजे जादूटोणा, एवढेच मुलांना ठाऊक असते. आपण ‘शांत बसा’ म्हणून उदाहरणांकडे वळतो. खरे तर या शब्दापाशी थोडे थांबायला हवे.

इंग्रजीत करणीला ‘सर्ड’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘सुर्दुस’वरून आला, त्याचा अर्थ बहिरा. २ च्या वर्गमुळाला बहिरे का म्हणावे? ग्रीक भाषेतील ‘लोगोस’ या शब्दाला गुणोत्तर असाही अर्थ आहे आणि शब्द, वाणी असाही. २ चे वर्गमूळ दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येत नाही, म्हणून अशा राशी ‘अलोगोस’, म्हणजे गुणोत्तर नसलेल्या. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ होतो ‘वाणी नसलेल्या’. अरबी गणितज्ञांनी त्यांना ‘असम्म’, म्हणजे बहिऱ्या, म्हटले. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा त्याचे ‘सुर्दुस’ झाले. गणित शाबूत राहिले, नावाचा अर्थ मात्र वाटेत हरवला. इंग्रजी माध्यमातल्या मुलाने शब्दकोश उघडला तरी त्याला गणिताचा धागा सापडत नाही.

मराठी शब्दात तो सापडतो. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत ‘द्विकरणी’ हा शब्द येतो. शुल्ब म्हणजे दोरी. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ‘करणारी’ दोरी ती द्विकरणी. तिप्पट करणारी ती त्रिकरणी. बौधायन द्विकरणीची लांबीही देतो: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू १ धरली तर उत्तर ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५७ येते. खरी किंमत १.४१४२१३५... आहे. ही संख्या अपरिमेय असल्याची सिद्धता मात्र शुल्बसूत्रांत नाही, आणि तसा दावा आपणही करू नये. त्यांना वेदी आखायची होती.

वर्गात चौरस फरशी असेल तर दोन बाय दोन अशा चार फरश्या निवडा. मधल्या बिंदूभोवती प्रत्येक फरशीचा एकेक कर्ण खडूने असा आखा की आत तिरपा चौरस तयार होईल. त्यात चार अर्ध्या फरश्या, म्हणजे दोन पूर्ण फरश्या मावतात. आता एका कर्णावर सुतळी ताणून मुलांच्या हातात द्या. ही सुतळी द्विकरणी.