चातुर्मासाचा नेम आणि देहाचा भार

आज आषाढ शुद्ध एकादशी. पंढरीच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे, आणि ज्यांना तेथे जाणे घडले नाही ते ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या विठ्ठलमंदिरांतून रांगा लावून उभे आहेत. आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी वांगे वर्ज्य करील, कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प करील, कोणी पिंपळाला प्रदक्षिणांचा नेम धरील. आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही परंपरा आहे आणि तिच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे.

परंतु कीर्तनाच्या सभामंडपात अलीकडे एक दृश्य दिसते व ते आम्हांला अस्वस्थ करते. पूर्वी जेथे सतरंजीवर मांडी घालून श्रोते बसत, तेथे आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लागतात, आणि त्या खुर्च्यांवर केवळ सत्तरी ओलांडलेली मंडळी नसतात. पंचेचाळीस-पन्नाशीतील माणसेही 'खाली बसवत नाही' म्हणून खुर्ची ओढून घेतात. सत्यनारायणाच्या पूजेला यजमान चौरंगाऐवजी टेबल मागतात. मंगळागौरीच्या जागरणाला झिम्मा सुरू झाला की घरची सून टाळ्या वाजवीत भिंतीशी उभी राहते, कारण दोन फेऱ्यांत तिला धाप लागते. देवापुढे वाकता येऊ नये, नैवेद्याचे ताट घेऊन जिना चढवू नये, हा केवळ शरीराचा प्रश्न नव्हे. आपल्या उपासनेच्या आड आपलाच देह येऊ लागला आहे.

भार वाढतो कसा?

आपल्या भागातील संसाराचे वेळापत्रक पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढे याच लोहमार्गाच्या आधाराने ठाणे, डोंबिवली, कल्याण ही नोकरदारांची नगरे झाली. त्या गाडीने पोट भरले हे खरे, पण दिवसही गिळला. सकाळी रिक्षाने स्थानक, गाडीत घुसमट, कचेरीत आठ तास खुर्ची, परतीच्या वाटेवर भुकेल्या पोटी वडापाव, स्थानकातून पुन्हा रिक्षा, आणि रात्री साडेनऊ-दहाला पोटभर जेवून लगेच अंथरूण. घरच्या गृहिणीचे आणखी वेगळे. ती पहाटे उठून डबे करते, स्वतः मात्र वेळेवर जेवत नाही. आणि अन्न परब्रह्म मानणाऱ्या संस्कारामुळे पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी 'वाया जाऊ नये' म्हणून खाऊन टाकते. त्या माउलीचे वजन वाढले तर तिला खादाड म्हणणे हा अन्याय होय. तिने काटकसर केली, एवढेच.

या भारास आपल्या लोकांत एक विशेष धोका आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच होते. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची सुमारे नऊ टक्के, तर याज्ञिक यांची एकवीस टक्के भरली! दिसायला किरकोळ भारतीय माणसाच्या पोटातही चरबीचा साठा असू शकतो, हे त्या चित्राने जगाला दाखवले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही भारतीयांची संख्या १० कोटींहून अधिक निघाली आणि प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांचा पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

उपवास की दुप्पट फराळ?

मग उपवासाने हा भार उतरत नाही काय? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केलेली आहे, यातच उत्तर आले. अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम साबुदाणा घ्या. त्याचेच अडीचशेहून अधिक उष्मांक होतात. त्यात मूठभर दाण्याचे कूट, दीड चमचा तूप, एक बटाटा घातला की एका बशीत पाचशेहून अधिक उष्मांक भरतात. ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी व वाटीभर आमटी यांचे उष्मांक याहून बरेच कमी, आणि बळ अधिक; कारण साबुदाण्यात पिष्टाखेरीज दुसरे जवळजवळ काहीच नाही.

शिवाय ज्या पदार्थांना आपण उपवासाचे म्हणून पवित्र मानतो, त्यांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, रताळे, भुईमूग आणि हिरवी मिरची ही पाचही मंडळी मूळची अमेरिका खंडातील! युरोपीय दर्यावर्दी ती खंडे गाठण्यापूर्वी आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या उपवासाच्या पानात त्यांचे नावही नव्हते. तेव्हा ते न खाल्ल्याने व्रतभंग होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वरीचा भात, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध, काकडीची कोशिंबीर, केळे यांवरही एकादशी उत्तम साजरी होते.

उलट बाजूस, काहीच न खाता दिवस कंठणे आणि द्वादशीला पारण्याच्या पानावर तुटून पडणे, हेही श्रेयस्कर नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, या दोघांनाही योगाच्या वाटेवरून सारखेच दूर ठेवले आहे. आठवड्यात चार-पाच किलो उतरवून देण्याच्या जाहिराती रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या दिसतात. असे झटपट उतरलेले वजन बहुतांशी पाण्याचे व स्नायूंचे असते, आणि जुने खाणे सुरू होताच ते परत येते.

चरकाचार्यांचा पादांश

येथे आम्हांला चरकसंहितेची आठवण होते. अतिस्थूलता हा व्याधी म्हणून चरकांनी विस्ताराने वर्णिला आहे. अव्यायाम, दिवसाची झोप आणि गोड-स्निग्ध पदार्थांचा अतिरेक ही त्याची कारणे त्यांनी सांगितली. परंतु त्याहूनही मोलाचा उपदेश सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. अंगवळणी पडलेली अहितकर सवय एकदम तोडू नये. ती पावापावाने सोडावी आणि तितकाच पाव चांगल्या सवयीचा तिच्या जागी बसवावा, असे चरकाचार्य सांगतात. एकदम सोडलेली सवय उलटते, क्रमाने सोडलेली परतत नाही, हा त्याचा आशय. चातुर्मासाचे महिने चार आणि पावही चार! या दोहोंची सांगड घालण्याची आम्ही वाचकांस विनंती करतो.

पहिला पाव आजपासून श्रावण शुद्ध एकादशीपर्यंत. या महिन्यात केवळ चहाकडे पाहावे. दिवसातून पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटात चहावाटे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली सर्व साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत असणे उत्तम. एकदम बिनसाखरेचा चहा घेऊ नये. दोनाचा दीड, मग एक चमचा करावा. सायंकाळी गाडीत बसण्यापूर्वी वडापावाऐवजी फुटाणे वा केळे खावे. आणि चालणे केवळ दहा मिनिटे: सकाळची रिक्षा तशीच राहू द्या, परतीची मात्र सोडा.

दुसरा पाव भाद्रपद शुद्ध एकादशीपर्यंत. आता पानाकडे वळावे. आपल्या पूर्वजांनी पानाची डावी-उजवी बाजू मोठ्या विचाराने आखली आहे. ती न बदलता एवढेच करावे की, कोशिंबीर व भाजी दुप्पट आणि भाताची मूद पाऊणपट. या दिवसांत मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी स्थानकाबाहेर टाकळा, कुरडू, फोडशी, कंटोळी घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीपाशी थांबावे. ऋषिपंचमीची भाजी तर जवळजवळ तेलाविना होते. तिला वर्षातून एकदाच मान का द्यावा? गणरायालाही उकडीचे मोदक प्रिय आहेत, तळणीचे वगळावेत. नैवेद्य यथासांग दाखवावा, प्रसाद मात्र तळहातावर मावेल एवढाच घ्यावा. चालणे वीस मिनिटांवर न्यावे.

तिसरा पाव आश्विन शुद्ध एकादशीपर्यंत, म्हणजे पितृपक्ष व नवरात्र यांचा. आता वेळेचा नेम. रात्रीचे जेवण जमेल तितके लवकर आणि हलके. उशिरा घरी येणाऱ्याने एक भाकरी, भाजी, आमटी यांवर उठावे. अधूनमधून चरणे थांबले तर निम्मे काम होते. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा जो आग्रह महाराष्ट्रभर पोहोचवला, त्याचे आपल्या एकभुक्ताशी जवळचे नाते आहे. सर्वांनाच तो मानवेल असे नाही. पण दोन जेवणांच्या मध्ये काही तोंडात टाकू नये, हा त्यातला धडा बहुतेकांना घेण्याजोगा आहे. नवरात्रात भोंडल्याला केवळ खिरापत ओळखायला न जाता फेर धरावा. चालणे तीस मिनिटे.

चौथा पाव कोजागरी व दिवाळीसह कार्तिकी एकादशीपर्यंत. हा परीक्षेचा महिना. फराळ करावा, वाटावा, खावाही. परंतु दुपारच्या चहाबरोबर एक बशी, आणि डबा पुन्हा फडताळात. महिन्याच्या वाणसामानात तेल माणशी अर्ध्या-पाऊण किलोच्या पलीकडे जात असेल, तर तो हिशेब घरातील कर्त्या मंडळींनी एकत्र बसून पाहावा.

चालावे कोठे?

पावसाचे दिवस, खड्ड्यांचे रस्ते; चालावे कोठे, असा प्रश्न येईलच. उघडीप असेल तेव्हा ठाणेकरांस मासुंदा तलावाची पाळ आहे. तलावास वळसा घालून कौपीनेश्वराचे दर्शन घेतले की नेम आणि व्यायाम एकत्र साधतात. डोंबिवलीकरांस फडके मार्गावरील, १९२४ साली स्थापन झालेले गणेशमंदिर आहे. तेथे जाताना वाहन घरी ठेवावे. कल्याणकरांनी दुर्गाडीची चढण चढावी. पाऊस असेल तेव्हा सभामंडपातील प्रदक्षिणा आहेतच. पिंपळाच्या पाराचा घेर दहा मीटर धरला, तर १०८ प्रदक्षिणांत एक किलोमीटरहून अधिक चालणे होते. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ओल्या फरशीवर व रस्त्यावर अनवाणी चालण्याचा आग्रह धरू नये. पायाची छोटी जखम त्यांस महाग पडते. तसेच मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणारे, गर्भवती व वृद्ध यांनी उपवासाचा कोणताही नेम आपल्या वैद्यांस विचारूनच धरावा.

एवढ्याने काय साधेल? हिशेब साधा आहे. साखर, तळण आणि भात यांतून दिवसाला शंभर-सव्वाशे उष्मांक कमी झाले आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात तितकेच खर्ची पडले, तर महिन्याकाठी सुमारे एक किलो भार उतरावा. प्रत्यक्षात थोडे कमीच उतरेल, कारण नेम चढत्या पायरीने आहे आणि देहही काटकसर शिकतो. चार महिन्यांत दोन-तीन किलो! हसण्याइतका हा आकडा लहान नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार व चालणे यांत बदल करणाऱ्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. आणि विशेष हे की, त्यांचे वजन फारसे उतरलेही नव्हते. काट्यावर दिसण्याआधीच देहाला नेमाचे फळ मिळू लागते.

शेवटी एक विनंती. आज देवापुढे संकल्प सोडल्यावर सुताचा एक दोरा घ्यावा. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, तो पोटाभोवती धरावा, जुळेल तेथे गाठ मारावी आणि देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवून द्यावा. रोज काट्यावर चढून मन खट्टू करण्याचे कारण नाही. दर एकादशीस तो दोरा पुन्हा धरावा; आजची धरून कार्तिकीपर्यंत एकादश्या नऊ येतात. कधी गाठ जागची हलणार नाही, सणाच्या पंधरवड्यात कदाचित मागेही सरेल. नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा, देव रागावत नाही. आणि कार्तिकी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नाला अंतरपाट धरायला उभे राहाल, मंगलाष्टके संपल्यावर सतरंजीवर मांडी घालून बसाल आणि हाताचा टेका न घेता उठाल, तेव्हा दोऱ्याची गाठ पाहण्याची गरजही कदाचित भासणार नाही.